यमनातला तो फिल्मी मध्यम

मार्च सरता सरता आमच्या वर्ध्यात घरोघरी कूलर बाहेर निघतात. जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसतात, पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या वाळ्याचा वास गल्लीभर पसरतो, आणि त्याच सुमारास माझ्या क्लासमधल्या मुली घाबरायला लागतात. उन्हाळा म्हणजे संगीताच्या परीक्षांचा मोसम. पेटीच्या पट्ट्यांना घामेजलेली बोटं चिकटतात, दर अर्ध्या तासानं तंबोरा उतरतो, गळे कोरडे पडतात. एकीला आरोह आठवत नाही, दुसरीला काहीच आठवत नाही. मी माठातलं पाणी देते आणि म्हणते, गा.

यंदा याच दिवसांत एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. नुकतेच बदलून आलेले अधिकारी, बोलणं मवाळ. "मॅडम, एकच विनंती आहे. हिच्या कानावर फिल्मी काही पडायला नको. आम्हाला शुद्ध शास्त्रीय हवंय."

मी मुलीला विचारलं, "घरी एकटी असताना काय गुणगुणतेस?"

तिनं वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी त्यांना म्हटलं, "माझ्याकडे शिकवणीची सुरुवातच फिल्मी गाण्यानं होते. तुम्हाला चालत नसेल तर गावात दुसरे चांगले क्लास आहेत, पत्ता देते." त्यांना वाटलं, मी गंमत करतेय. नाही हे कळल्यावर ते मुलीचा हात धरून निघून गेले. मला वाईट वाटलं ते त्या मुलीसाठी. माझं बोलणं मात्र मी मागे घेतलं नाही, घेणारही नाही. हा हट्ट मी एका उन्हाळ्यात, नाचणगावच्या एका ओसरीवर बसून शिकलेय.

तेव्हा आम्ही पुलगावला राहायचो. बाबा कचेरीत कारकून. घरात एक रेडिओ होता आणि तो स्वयंपाकघरात, आईच्या मालकीचा. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना, कुरडयांचा चीक ढवळताना ती गाणी ऐकायची. ती स्वतः कधी मोठ्यानं गात नसे. पण गाण्यातली तिची आवडती जागा आली की तिचा हात थांबायचा. बाकीचं गाणं चालू असताना हात चालूच, त्या एका जागेपुरता थांबलेला. गाण्यात जागा असतात हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते आईच्या हातावरून ओळखायला लागले.

दहावीची परीक्षा संपली आणि सुट्टीत शेजारच्या नाचणगावात कुंदाताईंकडे गाणं शिकायला मी जायला लागले. कुंदाताई नागपूरच्या. लहानपणापासून रीतसर तालमीत वाढलेल्या, आणि लग्न होऊन आलेल्या ते एका शेतकऱ्याच्या घरात. सासरी आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, मग सवय झाली. ऊन उतरलं की ओसरीवर सतरंजी पडायची, समोरच्या कडुनिंबाच्या फुलांचा चुरा वाऱ्यानं सतरंजीवर यायचा आणि शिकवणी सुरू व्हायची. अंगणात त्यांचे यजमान बैलांना पाणी दाखवत असायचे. तान सुटली की बैल मान वर करून पाहायचे, असं आम्हाला वाटायचं तरी.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय म्हणून दाखवतेस?"

मी एक भजन म्हटलं. देवाचं म्हणावं असं आईनं बजावून पाठवलं होतं.

"हे पाहुण्यांसाठीचं झालं," त्या म्हणाल्या. "भांडे घासताना काय म्हनतेस, ते सांग."

मी लाजत लाजत एक सिनेमातलं गाणं म्हटलं, आईचा हात थांबायचा त्यांतलं एक. दुसऱ्या ओळीला त्यांनी पेटीवर बोटं ठेवली आणि माझ्या मागोमाग येत राहिल्या. मी संपवलं तरी त्या थांबल्या नाहीत. तेच स्वर, तीच वळणं, पण शब्द गेले होते आणि चाल हळूहळू मोठी होत चालली होती. गंधारावर बसायची, निषादाकडे बघायची, परत यायची. एका खोलीचं घर मला माहीत होतं आणि कुणी तरी आतलं दार उघडून मागे पसरलेला अख्खा वाडा दाखवत होतं.

"यमन हाय हा," त्या म्हणाल्या. "तू कवाची गाऊन राह्यली, फक्त नाव माहीत नोतं."

त्या उन्हाळ्यात असे कितीतरी राग मला त्यांच्या नावांसकट भेटले. रेडिओवरच्या दुपारच्या उदास गाण्यात भीमपलासी निघाला. बाबा दाढी करताना शीळ घालायचे त्या चालीत पहाडी निघाला. मला हे इतकं अद्भुत वाटायचं की सायकलवरून घरी येताना मी रस्त्यात थांबून गाणी तपासायची. पण शिकणाऱ्यांपैकी वर्षा नावाची मैत्रीण जरा कडक होती. तिनं एकदा विचारलं, "ताई, म्हणजे सिनेमावाल्यांनी सगळं चोरलंच ना?"

कुंदाताईंनी पेटीचा भाता बंद केला. त्या चिडल्या की आधी पेटी बंद करायच्या.

"तुले दोन तास दिले तर यमन गाशील का?"

"गाईन थोडा."

"आता तीन मिनिटांत गाऊन दाखव. त्यात शब्द पण बसव. नटीचा श्वास पण सांभाळ. मधात सतार वाजव, बासरी वाजव. आणि चाल अशी बांध की थेटरातल्या पुढच्या बाकावर बसलेल्या मानसानं एकदा आयकली का घरी जाईपर्यंत त्याच्या तोंडी बसली पायजे. जमते का?"

वर्षानं नकारार्थी मान हलवली.

"मंग त्याले चोर म्हनू नको. उसनं घेतलं त्यानं, आन वाटून टाकलं. बंद पेटीतलं सोनं कोनाच्या कामाचं?"

मग त्यांनी आम्हाला एक जागा दाखवली. यमनात मध्यम तीव्र असतो, चढा, वर पाहणारा. शुद्ध मध्यम त्या रागात येत नाही. पण मी म्हटलेल्या गाण्यात संगीतकारानं एका शब्दावर, दोन गंधारांच्या मधे, अगदी निसटता शुद्ध मध्यम ठेवला होता. नायिका आपल्या मनातलं लपवते तो शब्द. सगळे स्वर मान वर करून चाललेले आणि तेवढ्यात हा एक डोळे खाली घालतो. कुंदाताईंनी तो शुद्ध मध्यम काढून गाऊन दाखवला. चाल बरोबर होती पण गाण्यातली बाई खोटी वाटत होती. पुन्हा घालून गायल्या. माझ्या डोळ्यांसमोर आईचा थांबलेला हात आला. याच जागेला थांबायचा तो.

"असा मध्यम घेतला का त्याले यमन कल्याण म्हनतात," त्या म्हणाल्या. "परीक्षेत यमन इचारला तर हा नाई घ्यायचा. ध्यानात ठेवजो."

मी ध्यानात ठेवलं होतं. ठेवून काय उपयोग झाला ते पुढे येतं.

मे महिन्यात गाण्याची पहिली परीक्षा होती, तिचं केंद्र वर्ध्याला होतं. कुंदाताई आम्हा चौघी मुलींना घेऊन सकाळच्या एसटीनं निघाल्या. डोक्याला दुपट्टे गुंडाळलेले, ऊन लागू नये म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत कांदा. शाळेच्या एका वर्गात परीक्षा होती. खिडकीत कूलर होता पण बंद ठेवलेला, त्याच्या घरघरीत तंबोरा ऐकू येत नाही म्हणून. परीक्षक बाहेरगावचे, वयानं मोठे, नाव असलेले गवई. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते कुणावर ओरडत नव्हते. बाकीच्या तिघींची परीक्षा झाली, मग मला बोलावलं आणि म्हणाले, "यमन गा."

बंदिश मांडून झाली, मी बरी गात होते. त्यांनी एकदा मानही हलवली. बहुधा त्या मान हलवण्यानंच मी सैल झाले. आलापात गंधारावर आले आणि घरी, स्वयंपाकघराच्या दारात बसून गावं तसं गायला लागले. तो मध्यम आला, दोन गंधारांच्या मधे, निसटता.

परीक्षकांनी हात वर केला. तबला थांबला.

"हे काय होतं?"

मी तबलजीकडे पाहिलं.

"चुकून लागला ना?" ते खरंच चांगल्या मनानं विचारत होते. हो म्हटलं असतं तर दोन-चार गुण कापून पुढे गेले असते.

मला आजही नीट सांगता येत नाही की मी तसं का म्हटलं नाही. एवढंच आठवतं की त्या मध्यमाला चूक म्हणणं मला जमेना. आईला चूक म्हटल्यासारखं झालं असतं ते.

"नाही सर. एका गाण्यात आहे तो. सिनेमाच्या."

तबलजी हसला. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, गुरू कोण, आणि व्हरांड्यातून कुंदाताईंना आत बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही मुलींना सिनेमाच्या चालींवरून राग शिकवता?"

"हो, शिकवते."

"पिढ्यान् पिढ्या लोकांनी जिवापाड जपलेली विद्या आहे ही. ते सिनेमावाले येतात, हवा तो तुकडा ओरबाडून नेतात, बाजारात विकतात. चोर आहेत ते. आणि तुम्ही चोरीचा माल घेऊन घरंदाज मुलींना शिकवता?"

कुंदाताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. सुरुवात त्यांनी नागपूरच्या शाळेतल्या शुद्ध मराठीत केली.

"सर, हिनं मध्यम लावला त्याचे गुण तुम्ही कापा. तो नियम आहे आणि तो मी हिला शिकवलाय. पण माझं एक ऐका. आत्ता हिनं जी बंदिश गायली तिचे शब्द काय आहेत? सासू जागी आहे, नणंद टोचून बोलते, मी कशी येऊ. हे गाऱ्हाणं कोणत्या उस्तादाचं? कोणाच्या घरी नणंद टोचून बोलत होती?"

परीक्षकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"विहिरीवर पाणी भरणारी कोणी बाई गात असेल. कोणीतरी गवयानं ते ऐकलं, दरबारात नेलं, ताल बसवला. त्या बाईचं नाव तुम्हाले माहीत आहे का? मले नाई माहीत. तिले कोनं इचारलं, तुह्यं गानं नेऊ का म्हनून?" त्या आता पुरत्या नाचणगावच्या झाल्या होत्या. "ते नेलं त्याले आपुन परंपरा म्हनतो, कानाले हात लावतो. आन ह्या सिनेमावाल्या मानसानं तेच गानं परत बाईच्या चुलीपाशी आनून ठेवलं, तर तो चोर काऊन?"

परीक्षकांनी समोरचा गुणांचा कागद ओढून घेतला.

"तुमच्या विद्यार्थिनीला मी पास करू शकत नाही," परीक्षक शेवटी म्हणाले.

"नका करू," कुंदाताई म्हणाल्या. "पोरगी पुन्हा येईल."

बसस्टँडवर कुंदाताईंनी आम्हाला चौघींना उसाचा रस पाजला आणि स्वतः मात्र घेतला नाही. एसटीत वर्षा माझ्या शेजारी बसली होती. "ताई बरोबर बोलल्या," ती म्हणाली, आणि पुलगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मी एकटीच नापास झाले. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि पोचली ती अशी की कारकुनांची मुलगी परीक्षेत सिनेमाचं गाणं गायली आणि तिची बाई परीक्षकांशी भांडली. आठवडाभरात कुंदाताईंची सतरंजी मोकळी पडू लागली. कुणाच्या मुलीला मामाच्या गावाला जायचं होतं, कुणाला टायपिंगचा क्लास लावायचा होता. खरं कारण कुणीच सांगत नव्हतं.

बाबाही म्हणाले, "आता पुरे झालं. नाव खराब होते."

आई कुरडया घालत होती. अंगणात पांढऱ्या चादरीवर ओळीनं कुरडया पडत होत्या. ती मान वर न करता म्हणाली, "काऊन पुरे झालं? पोरगी काई चोरी करून नाई आली. खरं बोलून आली. उद्या जाईल ते."

"लोक काय म्हणतील?"

"लोकाईच्या घरी रेडिओ नाई का?"

बाबा वर्तमानपत्रात शिरले. मी दुसऱ्या दिवशी गेले. सतरंजीवर वर्षा आधीच येऊन बसली होती.

कुंदाताई रडतील, निदान खचतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी काय केलं तर नाचणगावच्या देवळासमोर एका संध्याकाळी गाणं ठेवलं. कुणाच्या परवानगीचा प्रश्न नव्हता, देवळाला सासरच्यांनीच पत्रे घातले होते. घरोघरी स्वतः जाऊन सांगितलं, "येजा बाई, गानं हाय." ऊन कलल्यावर बायका आल्या, वाळवणं गोळा करून, पीठ लागलेल्या हातांनी. आईही पुलगावहून आली. पुरुष कट्ट्यावर टेकले. त्यांना वाटत होतं, भजन असेल.

कुंदाताईंनी आधी सिनेमाचं ते गाणं गायलं. बायकांमधे चुळबूळ झाली, काही हसल्या, एकदोघींनी ओठ हलवले. मग चाल तीच ठेवून त्यांनी शब्द सोडले आणि सरळ यमन कल्याणाचा मोठा ख्याल सुरू केला. विलंबित, संथ, जो रेडिओवर लागला की लोक दुसरं स्टेशन लावतात तो. मी पाहत होते की आता कोण आधी उठतं.

कुणी उठलं नाही. मांडीवर झोपलेली लेकरं घेऊन बायका तशाच बसून राहिल्या. त्यांना वाटेत ओळखीच्या खुणा सापडत होत्या. मधेच गाण्यातली ती जागा यायची आणि चार माना एकदम हलायच्या. दिवेलागण झाली तरी चूल पेटवायला जायची घाई कुणाला दिसेना. ज्यांच्यासाठी हे संगीत नाहीच असं आजवर सगळे धरून चालले होते, त्या बायका ख्यालाला बसल्या होत्या, आणि त्यांना दारापर्यंत आणून सोडणारा होता तो कुणी एक सिनेमातला संगीतकार, ज्यानं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

जाताना आईनं कुंदाताईंना नमस्कार केला.

सतरंजी हळूहळू पुन्हा भरली. हिवाळ्यातल्या दुसऱ्या सत्रात मी परीक्षेला पुन्हा बसले. निघताना कुंदाताई म्हणाल्या, "आधी नियम पाळून दाखव. मंग काय तोडायचं ते आपल्या हिमतीवर तोड." परीक्षक दुसरे होते. त्यांनीही यमनच विचारला. मी तो असा गायले की शुद्ध मध्यमाची सावलीसुद्धा पडू दिली नाही. मग ते म्हणाले, "आणखी काही?" मी म्हटलं, "यमन कल्याण," आणि तो मध्यम नावागावासकट, उजळ माथ्यानं लावला. पहिल्या वर्गात पास झाले. त्या गुणपत्रिकेचा मला फार आनंद झाला नाही, खरं सांगायचं तर. मध्यम तोच होता, गळाही तोच होता.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. त्या पहिल्या परीक्षकांचं गाणं मी नंतर ऐकलं. मोठा गवई, शंकाच नाही. विद्या जपण्यात त्यांनी आयुष्य घातलं होतं, हेही मला कळतं. त्यांची भीती मला कळते, त्यांचा 'चोर' हा शब्द मात्र आजही मान्य नाही. अलीकडे लोक सांगतात की हल्लीच्या सिनेमात राग उरलेच नाहीत, सगळं यंत्रावर जुळवतात. मी मुलींनी आणलेली नवी गाणी ऐकते. पुष्कळ टाकाऊ असतात. पण मधेच एखाद्या गोंगाटात कुणीतरी मारव्याचा कोमल रिषभ असा ठेवलेला असतो की मी गाणं थांबवून पुन्हा लावते. कुणीतरी अजून येतंय आणि उसनं नेतंय. नेऊ दे. जिथून उसनं न्यायला कुणीच येत नाही त्या घराची मला जास्त काळजी वाटते.

कुंदाताई थकल्यात. ऐकायला कमी येतं, पण शिकवणं सुटलेलं नाही. मध्यंतरी त्यांनी उलटा उद्योग केला. त्याच गाण्यातली ती मध्यमाची जागा उचलली आणि तिच्याभोवती यमन कल्याणात एक छोटा ख्याल बांधला. शब्द आपल्या वऱ्हाडीतले, "सांगजो त्याले, नाई येत मी आता." मी म्हटलं, "ताई, ही तर सरळ सिनेमातून उचललेली जागा." त्या म्हणाल्या, "मंग? त्यानं आपल्याकडून नेली, म्या त्याच्याकडून आनली. आता पोरीइले शिकव."

मी ती बंदिश शिकवली. मागच्या परीक्षेला माझी एक विद्यार्थिनी ती गायली. बाहेर आल्यावर तिनं सगळं सांगितलं. परीक्षकांनी म्हणे डोळे मिटून पूर्ण ऐकली आणि पुन्हा म्हणायला लावली. मग विचारलं, "शब्द इकडचे दिसतात, पण चाल जुनी आहे. कुठल्या घराण्याची बंदिश?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, नाचणगाव घराण्याची."

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, हो हो, ऐकलंय नाव."